निवृत्तिवेतन आणि वार्षिकी

नोकरीतून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या व्यक्तीस तिच्या पूर्वसेवेबद्दल हयातभर ठराविक मुदतीने, बहुधा दरमहा, मिळणाऱ्या रकमेस निवृत्तिवेतन म्हणतात. एखाद्या व्यक्तीने एकरकमी भांडवल विमासंस्थेच्या स्वाधीन करावे व त्याच्या मोबदल्यात संस्थेने तिला हयातभर नियमित रक्कम द्यावी, अशा करारानुसार मिळणाऱ्या उत्पन्नास वार्षिकी ही संज्ञा आहे. व्यवहारात तिला ॲन्युइटी असेच म्हणतात. नाव वार्षिकी असले, तरी ती मासिक, तिमाही वा सहामाही हप्त्यांनीही घेता येते. निवृत्तिवेतनाचे मूळ सेवेच्या संबंधात, तर वार्षिकीचे मूळ खरेदी-विक्रीच्या करारात आहे. दोहोंचा हेतू मात्र एकच : श्रमशक्ती ओसरल्यानंतर माणसाचे उत्पन्न त्याच्या आयुष्याआधी संपू नये.

हा हेतू साध्य करताना चार प्रकारच्या जोखमींना तोंड द्यावे लागते. माणूस अपेक्षेपेक्षा अधिक जगेल, ही पहिली. भाववाढीमुळे ठरलेल्या रकमेची क्रयशक्ती घटेल, ही दुसरी. साठविलेल्या निधीवर अपेक्षित परतावा मिळणार नाही, ही तिसरी. आणि वचन देणारा मालक वा संस्थाच टिकणार नाही, ही चौथी. कोणत्याही योजनेने या जोखमी नाहीशा होत नाहीत. त्या मालक, कामगार, विमासंस्था व करदाते यांच्यात वाटल्या जातात. निवृत्तिवेतनाविषयीचे बहुतेक वाद हे या वाटणीचे वाद होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : निवृत्तिवेतन हे प्रारंभी धन्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले अनुदान होते. मराठेशाहीत विद्वान, देवस्थाने व सेवक यांना वर्षासने दिली जात. ब्रिटिश अमलात पदच्युत राज्यकर्त्यांना राजकीय तनखे मिळू लागले. दुसऱ्या बाजीरावास १८१८ मध्ये शरणागतीनंतर सालीना आठ लाख रुपयांचा तनखा मिळाला. तथापि १८५१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो दत्तकपुत्र नानासाहेब यास नाकारण्यात आला. तनखा हा हक्क की कृपा, हा प्रश्न त्या प्रकरणात तीव्रतेने पुढे आला. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने शासनाने दिलेल्या निवृत्तिवेतनांसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवून कृपेचीच कल्पना दृढ केली.

स्वातंत्र्योत्तर काळात ही कल्पना पालटली. देवकीनंदन प्रसाद खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे शासनाच्या मर्जीवर अवलंबून नसून तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. डी. एस. नाकरा खटल्यातील १७ डिसेंबर १९८२ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७९ पूर्वी व नंतर निवृत्त झालेल्यांत केलेला भेद रद्द ठरविला आणि निवृत्तिवेतन हे पूर्वीच्या सेवेचा मोबदला असल्याचे तत्त्व विस्ताराने मांडले. या निर्णयाच्या स्मरणार्थ १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

यूरोपात जर्मनीने बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८९ साली वार्धक्य व अपंगत्व विम्याचा कायदा केला. त्यात वयोमर्यादा ७० वर्षे होती. ती १९१६ मध्ये ६५ वर आणण्यात आली. त्या काळी या वयापर्यंत पोहोचणारे कामगार थोडे असल्याने योजनेवरील भार मर्यादित होता.

वार्षिकीचा इतिहास याहून जुना आहे. हॉलंड, इंग्लंड इ. देशांची शासने सतराव्या शतकात वार्षिकी विकून कर्जे उभारीत. धूमकेतूच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेला एडमंड हॅली याने ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून १६९३ मध्ये मर्त्यता सारणी तयार केली व वार्षिकीची किंमत खरेदीदाराच्या वयानुसार कशी ठरवावी, हे दाखवून दिले. आधुनिक विमागणिताचा पाया अशा प्रयत्नांतून घातला गेला.

दोन पद्धती : नोकरीशी निगडित निवृत्तिवेतन योजनांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. निश्चित लाभ पद्धतीत अखेरचे वेतन व सेवेचा काळ यांवरून निवृत्तिवेतन आधीच ठरलेले असते आणि ते देण्यास लागणारा पैसा उभा करण्याची जबाबदारी मालकावर वा शासनावर असते. निश्चित अंशदान पद्धतीत दरमहा भरावयाची वर्गणी तेवढी ठरलेली असते. ती गुंतविली जाऊन निवृत्तीच्या वेळी जो निधी जमेल, त्यावर पुढील उत्पन्न अवलंबून राहते. पहिल्या पद्धतीत दीर्घायुष्य, भाववाढ व परतावा यांच्या जोखमी मुख्यत्वे मालकाकडे, तर दुसरीत त्या कामगाराकडे असतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपासून अनेक देशांत पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे वाटचाल झाली. तिची कारणे समजण्यासाठी प्रथम वार्षिकीचे गणित पाहणे इष्ट ठरते.

वार्षिकीचे गणित : समजा, एखाद्या निवृत्त व्यक्तीस वर्षाअखेर १ लक्ष २० हजार रुपये, म्हणजे सरासरी दरमहा १०,००० रुपये हवे आहेत. निधीवर ७ टक्के व्याज मिळत असेल, तर ही रक्कम २० वर्षे देण्यासाठी आरंभी सु. १२·७ लक्ष रुपये लागतात. ३० वर्षे द्यावयाची झाल्यास सु. १४·९ लक्ष रुपये लागतात. व्याजदर ४ टक्क्यांवर आला, तर २० वर्षांसाठीच सु. १६·३ लक्ष रुपये लागतात. म्हणजे या उदाहरणात आयुष्य दहा वर्षांनी वाढण्यापेक्षा व्याज तीन टक्क्यांनी घटणे अधिक महाग पडते. भाववाढीस तोंड देण्यासाठी देय रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवावयाची ठरविल्यास ७ टक्के व्याजानेही २० वर्षांसाठी सु. १८·९ लक्ष व ३० वर्षांसाठी सु. २५·९ लक्ष रुपयांची तरतूद करावी लागते. दीर्घायुष्य व भाववाढ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की भार सर्वांत जास्त वाढतो.

उलटपक्षी रक्कम कायम ठेवली, तर भार वार्षिकीधारकावर पडतो. भाववाढीचा दर ६ टक्के धरल्यास ५,००० रुपयांच्या मासिक वार्षिकीची क्रयशक्ती १२ वर्षांत निम्म्यावर येते व २० वर्षांनी ती आजच्या सु. १,५६० रुपयांइतकीच उरते. वृद्धापकाळी औषधपाण्याचा खर्च वाढत असताना ही घट होते, हे लक्षणीय आहे.

कोणी एक व्यक्ती किती वर्षे जगेल, हे सांगता येत नाही. मोठ्या समूहाविषयी मात्र बरेच अचूक अनुमान करता येते. वार्षिकीचे सामर्थ्य यातच आहे : लवकर मृत्यू पावणाऱ्यांचे उरलेले भांडवल दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या कामी येते. परंतु सबंध समूहाचेच आयुर्मान अपेक्षेपेक्षा वाढले, तर ही परस्पर भरपाई होत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतातील जन्मकालीन सरासरी आयुर्मान १९७०–७५ मध्ये ४९·७ वर्षे होते. ते २०१६–२० मध्ये ७० वर्षे झाले. या वाढीचा मोठा भाग बालमृत्यू घटल्यामुळे आहे. निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने साठाव्या वर्षानंतरचे अपेक्षित आयुष्य महत्त्वाचे असून ते सु. १८ वर्षे आहे. ही सरासरी असल्याने अनेकजण त्याहून पुष्कळ अधिक जगतात आणि योजनेची खरी कसोटी त्यांच्या बाबतीतच लागते.

वचन देणाऱ्याची जोखीम : अमेरिकेतील स्टूडबेकर या मोटार कंपनीने १९६३ च्या अखेरीस साउथ बेंड येथील कारखाना बंद केला, तेव्हा तिच्या निवृत्तिवेतन निधीत पुरेसा पैसा नव्हता. साठ वर्षांवरील कामगारांना पूर्ण लाभ मिळाला. परंतु ४० ते ५९ वयोगटातील सु. ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या मूल्याच्या सु. १५ टक्केच रक्कम मिळाली. या घटनेच्या परिणामातून १९७४ चा अमेरिकन कायदा व खाजगी निवृत्तिवेतनास विमासंरक्षण देणारे निगम अस्तित्वात आले. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रव्यवसायी रॉबर्ट मॅक्सवेल याच्या १९९१ मधील मृत्यूनंतर त्याने आपल्या कंपन्यांच्या निवृत्तिवेतन निधींतील पैसा धंद्यासाठी वापरल्याचे उघड झाले. त्यानंतर १९९५ च्या कायद्याने विश्वस्तांवर कडक बंधने घालण्यात आली. मालकाचा पैसा व कामगारांचा निधी वेगळा असला पाहिजे, हा धडा या दोन्ही प्रकरणांनी दिला.

विमासंस्थाही या जोखमीपासून मुक्त नसतात. ब्रिटनमधील इक्विटेबल लाइफ या जुन्या संस्थेने व्याजदर चढे असताना वार्षिकीच्या किमान दराची हमी दिली होती. पुढे व्याज घसरले व आयुर्मान वाढले. हमी पाळलीच पाहिजे, असा निर्णय २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने दिल्यावर त्याच वर्षी संस्थेस नवीन व्यवसाय स्वीकारणे बंद करावे लागले. हमी जितकी उदार, तितकी तिच्यामागील तरतूद भक्कम हवी, हे यावरून स्पष्ट होते.

भारतातील शासकीय निवृत्तिवेतन : भारतात केंद्र व राज्य शासनांच्या जुन्या योजनेनुसार कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या सर्वसाधारणपणे ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर भाववाढीनुसार महागाई वाढ आणि त्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. निवृत्तिवेतनाचा ठराविक भाग एकरकमी घेण्याची, म्हणजेच अंशराशीकरणाची सोयही तीत आहे. कर्मचारी यासाठी वर्गणी देत नाही व वेगळा निधीही साठविला जात नाही. चालू महसुलातून ही रक्कम दिली जाते. त्यामुळे निवृत्तांची संख्या, वेतनमान व आयुर्मान वाढत गेले, तसतसा हा खर्च वाढत गेला आणि विकासकामांसाठी उरणारा महसूल आक्रसू लागला.

या कारणास्तव केंद्र शासनाने १ जानेवारी २००४ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांना, सैन्यदलांचा अपवाद करून, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू केली. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त कर्मचाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आणली. ती पुढे राष्ट्रीय योजनेत समाविष्ट झाली. कर्मचाऱ्याने वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के वर्गणी द्यावी व तितकीच शासनाने घालावी, अशी मूळ रचना होती. केंद्र शासनाने आपला वाटा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला. साठाव्या वर्षी शासकीय कर्मचाऱ्यास जमलेल्या निधीच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते व किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. योजनेच्या नियमनासाठी २०१३ च्या अधिनियमान्वये निवृत्तिवेतन निधी विनियामक व विकास प्राधिकरणास वैधानिक दर्जा मिळाला.

या बदलाने शासनाचे भावी दायित्व मर्यादित झाले. परंतु एकाच कार्यालयात, एकाच पदावर, काही महिन्यांच्या अंतराने रुजू झालेल्या दोन कर्मचाऱ्यांपैकी एकास निश्चित व भाववाढीबरोबर वाढणारे, तर दुसऱ्यास बाजारावर अवलंबून असलेले उत्पन्न, अशी विषमता निर्माण झाली. राजस्थान, छत्तीसगढ, झारखंड व पंजाब या राज्यांनी २०२२ मध्ये आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये जुन्या योजनेकडे परतण्याचे निर्णय घेतले. महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात संप केला. त्यामुळे रुग्णालये, शाळा व कार्यालये यांचे काम विस्कळीत झाले.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यममार्ग म्हणून एकीकृत निवृत्तिवेतन योजना संमत केली व १ एप्रिल २०२५ पासून ती पर्याय म्हणून उपलब्ध करून दिली. तीनुसार २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, आणि किमान १० वर्षांच्या सेवेनंतर दरमहा निदान १०,००० रुपये मिळण्याची हमी आहे. महागाई वाढ व ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन यांचीही तरतूद आहे. कर्मचाऱ्याची वर्गणी १० टक्केच असून शासनाचा एकूण वाटा १८·५ टक्के आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेस मान्यता दिली. जुन्या योजनेतील हमी व नव्या योजनेतील वर्गणी यांचा हा मेळ आहे. दीर्घायुष्य व भाववाढ यांच्या जोखमी तिने पुन्हा बहुतांशी शासनाकडे आणल्या आहेत. वाढीव वाटा त्या पेलण्यास पुरेसा ठरेल की नाही, हे वेळोवेळी होणाऱ्या विमागणिती मूल्यांकनांतूनच कळून येईल.

कारखाने व खाजगी आस्थापना : संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी १९५२ च्या अधिनियमाने भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. हा निधी निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळतो व घरबांधणी, मुलांची लग्नकार्ये वा कर्जफेड यांत पुष्कळदा लवकर संपतो. हयातभर उत्पन्नाची सोय करण्यासाठी १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना व तिच्या जागी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली. हीत मालकाच्या वर्गणीपैकी वेतनाच्या ८·३३ टक्के व केंद्र शासनाकडून १·१६ टक्के रक्कम जमा होते. किमान १० वर्षांच्या सेवेनंतर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होते आणि निवृत्तिवेतनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, या सूत्राने ते ठरते.

या योजनेची मुख्य अडचण वेतनमर्यादेत आहे. ही मर्यादा २००१ मध्ये ६,५०० रुपये व १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये करण्यात आली. या मर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली, तरी सूत्रानुसार निवृत्तिवेतन ७,५०० रुपयेच येते. प्रत्यक्षात बहुसंख्य कामगारांची सेवा याहून कमी व खंडित असते. २०१४ पासून किमान १,००० रुपये निवृत्तिवेतनाची तरतूद झाली. परंतु भाववाढीनुसार आपोआप वाढ देण्याची सोय योजनेत नाही. निधीवरील ताण कमी करण्यासाठी २००८ मध्ये अंशराशीकरण व भांडवल परतीचे पर्याय बंद झाले, तर २०१४ मध्ये सरासरी वेतन काढण्याचा काळ १२ महिन्यांवरून ६० महिन्यांवर नेण्यात आला. प्रत्यक्ष वेतनावर वर्गणी भरून अधिक निवृत्तिवेतन मिळविण्याचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयांत होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी २०१४ च्या सुधारणा बहुतांशी वैध ठरवून पात्र कर्मचाऱ्यांस विकल्प देण्यासाठी मुदत दिली.

व्याजदरांतील घटीचा परिणाम येथेही दिसतो. भविष्य निर्वाह निधीवर १९८९-९० ते १९९९-२००० या काळात १२ टक्के व्याज मिळे. २०२१-२२ मध्ये ते ८·१ टक्क्यांवर आले व २०२३-२४ मध्ये ८·२५ टक्के होते. सेवेतील खंड हाही मोठा प्रश्न आहे. मुंबईतील कापडगिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर अनेक कामगारांची नोकरी निवृत्तीच्या वयाआधीच संपली. अशा वेळी सेवेच्या वर्षांवर आधारलेले कोणतेही सूत्र तोकडे पडते, कारण पुढे मिळणाऱ्या किरकोळ कामांची त्यात नोंदच होत नाही.

वार्षिकी खरेदीतील अडचणी : निश्चित अंशदान पद्धतीत निधी जमविणे हा अर्धाच भाग होय, त्याचे हयातभराच्या उत्पन्नात रूपांतर करणे हा उरलेला अर्धा. निवृत्तीच्या दिवशी बाजारात जे व्याजदर असतील, त्यांवर पुढील सबंध आयुष्याचे उत्पन्न ठरते. सारखीच वर्गणी भरणाऱ्या दोघांची निवृत्ती दोन वर्षांच्या अंतराने झाली, तरी त्यांच्या वार्षिकीत तफावत पडू शकते. दुसरे असे, की आपण दीर्घकाळ जगू असे वाटणारे लोकच वार्षिकी घेण्यास पुढे येतात. त्यामुळे विमासंस्थांना वार्षिकीधारकांसाठी स्वतंत्र मर्त्यता सारणी वापरून दर कमी ठेवावे लागतात आणि सामान्य प्रकृतीच्या ग्राहकास वार्षिकी तोट्याची वाटते. तिसरे कारण मानसिक आहे. जन्मभराची पुंजी परत न मिळण्याच्या अटीवर सोडून देणे बहुतेकांना रुचत नाही. म्हणून मृत्यूनंतर वारसास भांडवल परत मिळणारा प्रकार निवडला जातो व त्यामुळे मासिक रक्कम आणखी घटते.

वार्षिकी सक्तीची असावी काय, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटनने एप्रिल २०१५ पासून सक्ती प्रायः संपुष्टात आणली. भारतात बिगर-शासकीय सदस्यांसाठी वार्षिकीत गुंतवावयाचा किमान भाग डिसेंबर २०२५ मध्ये ४० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आला. यामुळे व्यक्तीचे स्वातंत्र्य वाढते. पण ऐंशीव्या वर्षी पैसा संपण्याची जोखीमही तिच्याच पदरी येते.

योजनांबाहेरील श्रमिक : भारतातील बहुसंख्य श्रमिक शेतमजुरी, बांधकाम, घरकाम व फेरीवाल्यांचे धंदे यांत असून त्यांना निवृत्तिवेतन देणारा मालकच नसतो. जून २०१५ पासून अंमलात आलेल्या अटल निवृत्तिवेतन योजनेत साठाव्या वर्षापासून दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. परंतु ही रक्कम भाववाढीशी निगडित नसल्याने विशीतील सदस्यास चाळीस वर्षांनी तिचे मोल पुष्कळ कमी भासेल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने मंचाधारित कामगारांची दखल घेऊन त्यांना काम पुरविणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. निराधार वृद्धांसाठी महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजना आहेत. तथापि त्या साहाय्यस्वरूप आहेत, सेवेचा मोबदला नव्हेत.

समारोप : १८७१ मध्ये कृपा मानले गेलेले निवृत्तिवेतन शंभर वर्षांनी हक्क ठरले, पण हा हक्क प्रत्यक्षात किती रकमेचा, हे त्यामागील तरतुदीवरच ठरते. पूर्ण हमी दिली, तर तिचा भार अशा तरुण करदात्यांवर पडतो, ज्यांतील बहुसंख्यांना स्वतःला निवृत्तिवेतन नाही. हमी मुळीच न दिली, तर दीर्घायुष्य हेच वृद्धांचे संकट बनते. नियमित वर्गणी, मालकापासून विभक्त निधी, खुले विमागणिती मूल्यांकन, भाववाढीनुसार काही अंशी तरी होणारी वाढ आणि नोकरी बदलली तरी सलग राहणारा हिशेब, या गोष्टी कोणत्याही पद्धतीत आवश्यक ठरतात. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सु. ८·६ टक्के होती व ती वाढत आहे. आजच्या तिशीतील श्रमिकाच्या वृद्धापकाळासाठी तरतूद करण्यास अद्याप अवधी आहे. ती लांबणीवर टाकल्यास प्रत्येक वर्षागणिक तिची किंमत वाढत जाते, हे वार्षिकीच्या साध्या गणितावरूनही दिसून येते.